स्वयंपाक व भाजण यांसाठी घरातील चुलीची रचना : कोल्हापूर परिसराच्या संदर्भात एक विवेचन

गोषवारा

घरात अथवा उपाहारगृहात चूल मांडताना तिच्याकडून दोन भिन्न कामांची अपेक्षा असते. पहिले काम शिजवण्याचे व दुसरे भाजण्याचे. शिजवण्यास ज्योत लागते, तर भाजण्यास निखारे लागतात. विसाव्या शतकात भारतात विकसित झालेल्या सुधारित चुलींनी मुख्यतः पहिल्या कामाचा विचार केला. भाजण्याची जागा त्यांत उरली नाही. प्रस्तुत लेखात कोल्हापूर परिसरातील आहारपद्धती, जळण, हवामान व घरबांधणी लक्षात घेऊन ज्वालाकक्ष, वैल आणि आराचा कोनाडा अशा त्रिविध रचनेचे स्पष्टीकरण केले आहे. धुराड्याचे मान, खेळत्या हवेची गरज, चाचणी व देखभाल यांचाही विचार केला आहे.

बीजशब्द : चूल, वैल, आर, निखारे, धुराडे, सुधारित चूल, कोल्हापूर.

१. प्रस्तावना

प्रधानमंत्री उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी सुरू झाली. त्यानंतर ग्रामीण भागात स्वयंपाकाच्या गॅसचा प्रसार वेगाने झाला. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील सुमारे चार-पंचमांश कुटुंबे स्वच्छ इंधनावर स्वयंपाक करीत होती. तथापि गॅसची शेगडी आली म्हणून चूल गेली, असे झालेले नाही. कोल्हापूर परिसरातील अनेक घरांत पाणी तापविणे, भाकरी भाजणे, मटण शिजविणे अशा कामांसाठी परड्यातील अथवा स्वयंपाकघरातील चूल आजही पेटते. दुसरीकडे ‘चुलीवरचे मटण’ व ‘चुलीवरची भाकरी’ अशा पाट्या रस्त्यारस्त्यांवरील उपाहारगृहांवर दिसतात. एकेकाळी गरिबीची खूण मानली गेलेली चूल आता चवीची खूण म्हणून मिरवली जात आहे.

या पुनरागमनात एक प्रश्न मात्र दुर्लक्षित राहतो. चव खाणाऱ्याच्या वाट्याला येते. धूर रांधणाऱ्याच्या वाट्याला येतो. घरातील चुलीपुढे बहुतांशी स्त्री बसते आणि उपाहारगृहात भाकरी थापणारीही बहुधा स्त्रीच असते. तेव्हा चूल असावी की नसावी या वादापेक्षा, ती असणारच असेल तर तिची रचना कशी असावी, हा प्रश्न अधिक उपयुक्त ठरतो.

२. पारंपरिक चुलीची अंगे

मराठीत चुलीच्या प्रत्येक अंगाला स्वतंत्र नाव आहे. ही नावे केवळ शब्दसंपत्ती नसून ती एका रचनेची नोंद आहे. जळण घालण्याची व भांडे ठेवण्याची मुख्य जागा ती चूल. तिच्या बाजूस, आतून जोडलेली दुसरी जागा तो वैल. मुख्य भांड्याखालून निघालेली उष्णता वैलाकडे वळते व तेथे दूध, वरण किंवा अंघोळीचे पाणी मंद आचेवर राहते. चुलीमागचा बसका ओटा तो भाणवस. चुलीच्या तोंडाशी जळून उरलेले, धगधगणारे निखारे पुढे ओढले जातात; त्यास आर किंवा कोठे आहार म्हणतात. कोल्हापूरकडे निखाऱ्यास इंगळ हा शब्दही सर्रास वापरला जातो.

या रचनेत एकाच अग्नीचा तीन प्रकारे उपयोग होतो. ज्योत भांड्याखाली, तप्त वायू वैलाखाली आणि निखारे तोंडाशी. कोल्हापूरच्या आहारात या तिन्हींना काम आहे. तांबडा व पांढरा रस्सा शिजण्यास ज्योत लागते. रस्सा गरम ठेवण्यास वैल पुरतो. मसाल्याचा कांदा व सुक्या खोबऱ्याची वाटी थेट विस्तवावर भाजली जाते. भरिताचे वांगे, मक्याचे कणीस, सुके बोंबील व पापड ही सारी आरावरची कामे होत.

भाकरीचे उदाहरण या दृष्टीने विशेष बोलके आहे. थापलेली भाकरी प्रथम तव्यावर टाकतात. वरच्या अंगाला पाणी फिरवतात व ते सुकत आले की ती उलटतात. दोन्ही बाजूंनी तिची कातडी धरली, की ती तव्यावरून काढून चुलीच्या तोंडाशी निखाऱ्यांसमोर उभी करतात. आतील पाण्याची वाफ होते, सुकलेली कातडी ती वाफ कोंडून धरते आणि पापुद्रा सुटून भाकरी फुगते. येथे भाकरी निखाऱ्यांवर नसून निखाऱ्यांसमोर असते, ही बाब पुढील रचनेच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

पारंपरिक चुलीचा दोष तिच्या अंगांत नसून तिच्या उघडेपणात आहे. धुराला ठरावीक वाट नसल्यामुळे तो खोलीत पसरतो. कौलारू घरात तो कौलांच्या फटींतून हळूहळू बाहेर पडत असे. सिमेंटच्या स्लॅबच्या घरात ती वाटही बंद झाली. म्हणजे घर पक्के झाले आणि त्याच चुलीचा धूर पूर्वीपेक्षा अधिक घातक झाला.

३. सुधारित चुलींचा अनुभव

धुराविरुद्धचे प्रयत्न नवे नाहीत. १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे कार्य वर्धा येथील मगनवाडीत चाले व तेथूनच ‘मगन चूल’ पुढे आली. हैदराबाद येथे एस. पी. राजू यांनी १९५० च्या दशकात धूरविरहित चुलीचा पुरस्कार केला. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील ‘अस्त्र’ या गटाने १९८० च्या दशकात तीन भांड्यांची ‘अस्त्र ओले’ ही चूल विकसित केली. केंद्र शासनाचा राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम १९८० च्या दशकाच्या मध्यापासून २००२ पर्यंत चालला व त्यात देशभर तीन कोटींहून अधिक चुली बसविण्यात आल्या. महाराष्ट्रात पुण्याच्या अप्रोप्रिएट रूरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूट अर्थात ‘आरती’ या १९९६ साली स्थापन झालेल्या संस्थेने या क्षेत्रात मोठे काम केले. तिच्या ‘लक्ष्मी’ व ‘भाग्यलक्ष्मी’ या चुलींच्या वापराने पुणे परिसरातील घरांच्या हवेत काय फरक पडला, याची मोजणी करणारा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. प्रदूषण कमी झाल्याचे त्यात आढळले.

एवढ्या प्रयत्नांनंतरही बसविलेल्या चुलींपैकी बऱ्याच चुली काही वर्षांत मोडल्या, बदलल्या गेल्या किंवा बाजूला पडल्या. ओडिशातील एका दीर्घकालीन अभ्यासात (रेमा हॅना, एस्थर डुफ्लो व मायकेल ग्रीनस्टोन) असे दिसून आले, की धुराड्याच्या चुलीमुळे पहिल्या वर्षी धुराचे प्रमाण घटले. परंतु देखभाल व वापर कमी होत गेल्याने पुढे तो लाभ टिकला नाही.

देखभालीचा अभाव हे एक कारण झाले. दुसरे कारण रचनेतच शोधावे लागते. चुलीची कार्यक्षमता मोजण्याची रूढ पद्धत पाणी तापविण्याची आहे. भारतीय मानक १३१५२ (भाग १) याच्या २०१३ च्या आवृत्तीत सुवाह्य चुलींसाठी नैसर्गिक हवेवर किमान २५ टक्के व पंख्याच्या हवेवर किमान ३५ टक्के औष्णिक कार्यक्षमता अपेक्षिली आहे. ही मोजणी योग्यच आहे. पण ती फक्त भांड्यात गेलेली उष्णता मोजते. भाकरी फुगविणारी, वांगे भाजणारी उष्णता या हिशेबात ‘वाया गेलेली’ ठरते. ज्याचे मोजमाप झाले त्याचाच विचार आरेखनात झाला. अग्निकक्ष बंदिस्त झाला, तोंड अरुंद झाले आणि आर पुढे ओढण्याची जागा संपली. मग गृहिणी तोंड फोडून मोठे करते किंवा बाजूला तीन दगड मांडते. दोन्ही प्रकारांत धूर घरात परत येतो. या वर्तनास अडाणीपणा म्हणणे सोपे आहे. वस्तुतः ते रचनेतील एका उणिवेवर बोट ठेवणारे आहे.

४. ज्योत आणि निखारे : दोन भिन्न उष्णता

लाकूड एकाच रीतीने जळत नाही. तापल्यावर प्रथम त्यातील पाणी निघून जाते. त्यानंतर कोरड्या लाकडाच्या वस्तुमानापैकी सुमारे तीन-चतुर्थांश भाग वायुरूप होऊन बाहेर पडतो व तो जळतो ती ज्योत. हे वायू पुरेशी उष्णता व हवा मिळण्यापूर्वीच थंड झाले, तर त्यांचा धूर होतो. म्हणजे धूर हे न जळलेले इंधनच होय. उरलेला घन कोळसा नंतर संथपणे जळतो, तेच निखारे. लाकडातील एकूण उष्णतेपैकी ढोबळमानाने दोन-तृतीयांश ज्योतीतून व एक-तृतीयांश निखाऱ्यांतून मिळते.

ज्योतीची उष्णता मुख्यतः तप्त वायूच्या स्पर्शाने भांड्यात जाते. म्हणून वायू भांड्याच्या बुडाला जितका निकट वाहील तितके बरे. निखाऱ्यांची उष्णता मुख्यतः प्रारणाने जाते. तिला स्पर्शाची गरज नाही. ती समोर, बाजूला, सर्व दिशांना जाते. प्रारण निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात बदलते. १००० केल्विन, म्हणजे सुमारे ७२७ अंश सेल्सिअसच्या आदर्श पृष्ठापासून दर चौरस मीटरला सुमारे ५७ किलोवॉट प्रारण निघते. तेच तापमान १०० अंशांनी उतरले, तर प्रारण सुमारे ३७ किलोवॉटवर येते, म्हणजे एक-तृतीयांशाने घटते. निखाऱ्यावर राख धरली की भाकरी फुगत नाही आणि फुंकणी मारली की लगेच फुगते, यामागील कारण हेच होय.

येथे एक धोका नोंदवणे आवश्यक आहे. निखाऱ्यांना धूर नसतो, म्हणून ते निर्धोक वाटतात. प्रत्यक्षात त्यांतून कार्बन मोनॉक्साइड हा वर्णहीन, गंधहीन विषारी वायू मोठ्या प्रमाणात निघतो. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपल्याने होणारे मृत्यू यामुळेच घडतात. सबब आराच्या जागेलाही धुराड्याची तितकीच गरज आहे.

५. परिसरातील जळण

चुलीचे आरेखन जळणावाचून करता येत नाही. कोल्हापूर हा उसाचा प्रदेश. येथील गुऱ्हाळांच्या चुलवाणात रस काढून उरलेली चिपाडे वाळवून जाळली जातात व त्यांच्या लांब ज्योतीवर काहिलीतील रस आटवला जातो. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्या गुळामागे अग्नी राखण्याचे हे जुने कौशल्य आहे. घरगुती चुलीच्या दृष्टीने परिसरातील जळणाचे गुणधर्म पुढीलप्रमाणे सांगता येतील.

तक्ता क्र. १ : जळणाचा प्रकार व उपयुक्तता

बाभळीसारखे घट्ट लाकूड : ज्योत मध्यम, निखारे भरपूर व टिकाऊ; शिजवणे व भाजणे दोन्हींस योग्य.
हलके लाकूड व काटक्या : ज्योत जलद, निखारे अल्पजीवी, पेटवण्यास व उकळी आणण्यास योग्य.
चिपाडे व पाचट : ज्योत लांब व क्षणिक, निखारे जवळजवळ नाहीत, सतत घालावे लागते.
शेणी : आच मंद व दीर्घ, धूर व राख अधिक, दूध तापविण्यास सोयीच्या, पदार्थ थेट भाजण्यास अयोग्य.
कोळसा व कांडीकोळसा : ज्योत नाही, निखारे सम व स्थिर, भाजण्यास उत्तम, परंतु विषारी वायूपासून जपणे आवश्यक.

यावरून असे दिसते, की उसाच्या पट्ट्यात जे जळण विपुल आहे ते ज्योत देते, आर देत नाही. ‘आरती’ संस्थेने उसाच्या पाचटापासून कांडीकोळसा तयार करण्याचे तंत्र विकसित केले व त्यासाठी तिला २००२ साली ॲश्डेन पुरस्कार मिळाला. शेतात पेटवून दिले जाणारे पाचट भाजण्याच्या कामी कसे आणता येईल, याचे हे उदाहरण होय.

ओलावा हा दुसरा प्रश्न. गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी या पश्चिमेकडील तालुक्यांत पावसाळ्यात जळण कोरडे राखणे हेच मोठे काम असते. शेणींच्या हुडव्या शाकारून ठेवण्यामागे तीच चिंता असते. एक किलो जळणात ३०० ग्रॅम पाणी असेल, तर ते वाफ होऊन जाण्यास सुमारे ०.८ मेगाज्यूल उष्णता खर्ची पडते. जळणातील एकूण उष्णतेच्या मानाने हा तोटा सहा-सात टक्केच आहे. खरा तोटा निराळा आहे : त्या वाफेने अग्निकक्ष थंडावतो, वायू न जळताच बाहेर पडतात आणि धूर दाटतो. त्यामुळे दोन दिवसांचे जळण सुकत राहील असा कोरडा कोनाडा चुलीच्या ओट्याखालीच, अग्निकक्षापासून विटांच्या भिंतीने वेगळा ठेवणे हा आरेखनाचाच भाग मानावा.

६. त्रिविध चुलीची रचना

६.१ ज्वालाकक्ष

ज्वालाकक्षाचे तोंड सुमारे १२ सेंमी रुंद व तितकेच उंच असावे. तळाशी लोखंडी जाळी व तिच्याखाली राखेची जागा असावी, म्हणजे हवा जळणाच्या खालून जाते. जाळीपासून भांड्याच्या बुडापर्यंत १५ ते २० सेंमी अंतर ठेवावे. त्याहून कमी अंतरात ज्योत पूर्ण होण्यापूर्वीच भांड्याच्या थंड बुडावर आपटते व काजळी धरते. भांड्याभोवती सुमारे एक सेंटिमीटरची फट ठेवून तेथून वायू जाऊ द्यावेत. सॅम्युअल बाल्डविन यांच्या १९८७ सालच्या जैवइंधन चुलींवरील ग्रंथात या फटीच्या रुंदीवर विशेष भर आहे. फट थोडी वाढली तरी भांड्यात जाणारी उष्णता बरीच कमी होते.

जाड मातीच्या भिंती उष्णता धरून ठेवतात, म्हणून त्या चांगल्या, असा समज आढळतो. तो अंशतःच खरा आहे. ६० किलो मातीचे तापमान १०० अंशांनी वाढण्यास सुमारे ५.४ मेगाज्यूल उष्णता लागते. हवेत वाळलेल्या एका किलो लाकडात सुमारे १६ मेगाज्यूल उष्णता असते. म्हणजे एक-तृतीयांश किलो लाकूड निव्वळ भिंत तापविण्यात जाते. दोन वेळा तासभर पेटणाऱ्या घरगुती चुलीत हा तोटा रोजचा आहे. म्हणून आतील अस्तर पातळ विटेचे व त्यामागे राखेचा सुमारे पाच सेंमी थर द्यावा. राख उष्णतारोधक आहे आणि ती चुलीतच फुकट मिळते. दिवसभर पेटणाऱ्या उपाहारगृहाच्या चुलीत मात्र भिंत एकदाच तापते, त्यामुळे तेथे जड बांधणीने फारसे बिघडत नाही.

६.२ वैल

ज्वालाकक्षातून निघालेले वायू थेट धुराड्यात न सोडता वैलाखालून न्यावेत. जोडमार्गाचा छेद ज्वालाकक्षाच्या तोंडाच्या छेदापेक्षा लहान होऊ नये. तसे झाल्यास धूर मागे परततो. वैलावर भांडे नसेल तेव्हा घट्ट बसणारे झाकण असावे. उघडा वैल म्हणजे खोलीत उघडणारे दुसरे धुराडेच होय.

६.३ आराचा कोनाडा

ज्वालाकक्षाच्या बाजूला, जाळीच्याच पातळीवर, तीन बाजूंनी बंद व समोरून उघडा असा कोनाडा बांधावा. त्याचे तोंड ६० सेंमी रुंद व ४० सेंमी उंच आणि खोली ४५ सेंमी असावी. ज्वालाकक्ष व कोनाडा यांमधील भिंतीत सुमारे १० सेंमी रुंद वाट ठेवून तिला सरकते लोखंडी झाकण लावावे. रस्सा शिजत असताना झाकण बंद राहते व हवेचा ओढ बिघडत नाही. निखारे पुरेसे झाले, की झाकण सरकवून ते लोखंडी खुरप्याने कोनाड्यात ओढावेत. निखारे उचलावे लागत नाहीत, त्यामुळे भाजण्याची व ठिणग्या उडण्याची भीती कमी होते.

कोनाड्यात निखाऱ्यांची मांडणी दोन प्रकारे करता येते. आडवी मांडणी वांगी, कांदे व कणसे यांना ठीक असते. मांसाचे तुकडे भाजताना मात्र चरबी निखाऱ्यांवर ठिबकते, भडका उडतो व त्या धुरातून कर्करोगास कारण ठरू शकणारी संयुगे पदार्थावर बसतात. त्यावरील उपाय भाकरीच्या जुन्या रीतीतच आहे. कोनाड्याच्या मागील भिंतीलगत लोखंडी गजांची उभी जाळी बसवून तिच्यात निखारे भरावेत व पदार्थ त्यांच्यासमोर ठेवावा. प्रारण आडवे येते, चरबी समोरच्या ताटलीत पडते आणि भडका उडत नाही. तीच उभी जाळी भाकरी फुगविण्यासही उपयोगी पडते.

यासंदर्भात पाश्चात्त्य शेकोटीशी तुलना उद्बोधक ठरेल. काउंट रम्फर्ड या नावाने प्रसिद्ध असलेल्या बेंजामिन थॉम्पसन यांनी १७९६ च्या सुमारास शेकोटीच्या बाजूच्या भिंती तिरप्या व धुराड्याचा गळा अरुंद केला. खोलीत अधिक प्रारण परावर्तित व्हावे, हा त्यामागील हेतू होता. थंड देशात तो योग्यच होता. कोल्हापूरच्या चैत्र-वैशाखात खोलीत आलेली उष्णता ही रांधणारीला होणारी शिक्षा ठरते. म्हणून येथे बाजूच्या भिंती सरळ ठेवाव्यात व त्यांनाही राखेचे अस्तर द्यावे. अरुंद गळ्याचे तत्त्व मात्र जसेच्या तसे घ्यावे, कारण त्यामुळे धूर खाली परतत नाही.

६.४ धुराडी

ज्वालाकक्ष व कोनाडा यांची धुराडी स्वतंत्र असावीत. कोनाड्यातून खोलीतील थंड हवा मोठ्या प्रमाणात ओढली जाते. ती ज्वालाकक्षाच्या धुराड्यात मिसळल्यास त्याचा ओढ मंदावतो. ज्वालाकक्षास १० सेंमी व्यासाचे धुराडे पुरेसे आहे. उघड्या तोंडाच्या कोनाड्यासाठी, धुराडे आखूड असताना, तोंडाच्या क्षेत्रफळाच्या सुमारे एक-अष्टमांश छेद लागतो. ६० × ४० म्हणजे २४०० चौरस सेंमीच्या तोंडास ३०० चौरस सेंमी, अर्थात २० सेंमी व्यासाचे धुराडे हवे.

धुराड्याचा ओढ किती दुर्बळ असतो, हे आकड्यांनी स्पष्ट होईल. बाहेर ३० अंश व धुराड्यात १५० अंश तापमान असताना तीन मीटर उंचीच्या धुराड्यात सुमारे १० पास्कल दाबफरक निर्माण होतो. हा दाब पाण्याच्या केवळ एक मिलिमीटर स्तंभाइतका आहे. त्यामुळे एखादे काटकोनी वळण, काजळीचा थर किंवा पावसाळी वाऱ्याचा झोत त्यास निष्प्रभ करू शकतो. धुराडे शक्यतो सरळ असावे. वळण अपरिहार्य असल्यास ते ४५ अंशांचे असावे. त्याचे टोक छपरातून किमान ९० सेंमी वर व तीन मीटरच्या परिसरातील कोणत्याही भागापेक्षा ६० सेंमी उंच असावे. टोकावर पाऊस अडविणारी टोपी असावी, परंतु ती वायूची वाट अडविणारी नसावी. जुन्या घरांतील वासे व तुळया यांपासून उघडे लोखंडी धुराडे किमान ४५ सेंमी दूर ठेवावे. ॲस्बेस्टॉसयुक्त सिमेंटचे नळ वापरू नयेत.

६.५ खेळती हवा

धुराडे जेवढी हवा बाहेर टाकते तेवढी आत आली पाहिजे, ही साधी गोष्ट अनेकदा विसरली जाते. २० सेंमी व्यासाच्या धुराड्यातून सेकंदाला दीड मीटर वेगाने वायू वाहत असतील, तर तासाला सुमारे १७० घनमीटर हवा बाहेर जाते. ३ × ३ × २.७ मीटरच्या स्वयंपाकघरातील सर्व हवा तासात सात वेळा बदलण्याइतके हे प्रमाण आहे. दारे-खिडक्या बंद असल्यास धुराडे कितीही चांगले असो, धूर खोलीतच राहणार. चुलीच्या समोरील भिंतीत खालच्या अंगास हवेची जाळी ठेवणे त्यासाठी इष्ट होय. वातानुकूलित बंद दालनात निखाऱ्यांची चूल मांडणे तर सर्वथा वर्ज्य मानावे.

६.६ उंची व बैठक

जमिनीवरील चुलीपुढे बसलेल्या स्त्रीचा चेहरा धुराच्या थेट वाटेत येतो. उभ्याने स्वयंपाक करावयाचा असल्यास कोनाड्याचा तळ जमिनीपासून सुमारे ७५ सेंमीवर ठेवावा. कोनाड्याच्या तोंडाची वरची कड मग ११५ सेंमीवर येते व चेहरा त्या कडेच्या वर आणि बाहेर राहतो. वायू कडेखालून आत ओढले जातात; श्वास मात्र खोलीतील हवेचा घेतला जातो. भाकरी थापताना वरून जोर द्यावा लागतो, यास्तव काठवटीचा ओटा त्याच पातळीवर अथवा किंचित खाली असावा. वृद्ध स्त्रियांना बसूनच काम करण्याची सवय असल्यास तीच रचना बसक्या उंचीवर करता येते. त्यावेळी कोनाड्याची वरची कड बसलेल्या व्यक्तीच्या हनुवटीखाली राहील, एवढे पाहावे.

७. चाचणी व देखभाल

चुलीची परीक्षा महागड्या उपकरणांवाचून करता येते. पेटलेली उदबत्ती कोनाड्याच्या वरच्या कडेलगत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवावी. तिचा धूर सर्वत्र आत वळला पाहिजे. एखाद्या कोपऱ्यात तो बाहेर येत असेल, तर तोंडाची उंची पत्र्याच्या पट्टीने दोन-तीन सेंमी कमी करून पुन्हा पाहावे. शिजवण्याच्या कार्यक्षमतेसाठी पाच लिटर पाणी उकळण्यास लागलेले जळण व वेळ यांची नोंद घ्यावी. भाजण्याच्या कामासाठी रूढ मानक नाही. परंतु एका सुपातील जळणावर किती भाकऱ्या फुगल्या, ही गृहिणीला समजणारी मोजणी तितकीच उपयुक्त ठरते.

थंड धुराडे सुरुवातीस ओढत नाही. त्याच्या पायथ्याशी मूठभर पाचट अगोदर पेटवल्यास आतील हवा तापते व पुढील धूर टळतो. काजळी ही दुसरी अडचण. १० सेंमी व्यासाच्या नळात चोहोबाजूंनी एक सेंमी काजळी साचली, तर उरलेली वाट ६४ टक्केच असते. यास्तव पायथ्याशी झाडलोटीचे दार ठेवावे व महिन्यातून एकदा नळ साफ करावा. दार नसलेले धुराडे साफ होत नाही आणि साफ न होणारे धुराडे काही काळाने केवळ शोभेचे उरते.

८. मर्यादा

धुराडे धूर नाहीसा करत नाही. तो घराबाहेर नेते. दाट वस्तीच्या गल्लीत तो शेजाऱ्याच्या खिडकीत जाऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शक मूल्यांनुसार २.५ मायक्रोमीटरपर्यंतच्या सूक्ष्म कणांचे वार्षिक सरासरी प्रमाण दर घनमीटरला ५ मायक्रोग्रॅमच्या आत असावे. लाकडावर रोजचा सर्व स्वयंपाक करणाऱ्या घरात, चूल कितीही सुधारलेली असली तरी, हे मूल्य गाठणे दुरापास्त आहे. त्यामुळे दैनंदिन शिजवणे गॅस किंवा विजेवर व भाजण्यापुरती चूल, अशी विभागणी आरोग्याच्या दृष्टीने अधिक श्रेयस्कर होय. अशी विभागणी झाल्यास तर आराच्या कोनाड्याचे महत्त्व वाढतेच, कारण चुलीकडे शेवटी उरणारे काम तेच आहे.

९. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) शिजवणे व भाजणे या भिन्न औष्णिक क्रिया असून त्यांना चुलीत स्वतंत्र जागा हव्यात.
२) पारंपरिक चुलीत चूल, वैल व आर अशी ही विभागणी होती, तिच्यात धुराची वाट तेवढी नव्हती. सुधारित चुलींनी धुराला वाट दिली, परंतु आराची जागा काढून घेतली.
३) आराच्या कोनाड्यास स्वतंत्र व मोठे धुराडे आणि खोलीस हवेची आवक या दोन गोष्टी अनिवार्य आहेत. निखाऱ्यांचा वायू दिसत नाही, म्हणून तो नाही असे समजू नये.
४) पदार्थ निखाऱ्यांवर न ठेवता निखाऱ्यांसमोर ठेवण्याची भाकरीची रीत मांस भाजण्यासही अधिक सुरक्षित आहे.
५) चुलीची कार्यक्षमता मोजताना भाजण्याच्या कामाचीही मोजणी व्हावी.

महाविद्यालयांतील भौतिकशास्त्र, गृहविज्ञान, भूगोल व मराठी या विभागांना एकत्र येऊन करता येईल असा हा अभ्यासविषय आहे. परिसरातील चुलींची मापे, जळण, धुराड्यांची स्थिती व चुलीच्या अंगांची बोलीतील नावे यांची नोंद विद्यार्थ्यांकडून गावोगाव घेता येईल. वैल, भाणवस, आर हे शब्द ज्यांच्या रोजच्या वापरात आहेत, त्या स्त्रियांना चूल कोठे चुकते हे आरेखकापेक्षा अधिक ठाऊक असते. चूल बांधण्यापूर्वी त्यांना विचारणे ही आरेखनाची पहिली पायरी होय.